मेलिदोचे डावखुरे

आमच्या गल्लीत मेलिदोबद्दल असं सांगतात, की तो लहान पोरांचे उजवे हात दोरीने पाठीशी बांधून ठेवतो. सहा महिने हात बांधला की पोर आपोआप डावखुरं होतं, आणि डावखुऱ्या पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, उत्तरेकडचे बेसबॉलवाले वेडे असतात, म्हणून मेलिदो एकेक पोर तयार करून त्यांच्या हवाली करतो. पलीकडच्या गल्लीतली एक बाई तर तो येताना दिसला की नातवाला झग्याआड लपवायची.

हे साफ खोटं आहे. त्याच्या आणि माझ्या परसामध्ये एकच पत्र्याचं कुंपण आहे. त्या पत्र्याला चार भोकं आहेत आणि त्यातली दोन मी स्वतः पाडली आहेत. तेव्हा मला माहीत नसेल तर कोणाला असणार? त्या परसात बांधलेली अशी मी आजवर एक कोंबडी पाहिली, तीही पायाने. उजवा हात गळ्यात अडकवलेला एकच मुलगा तिथे दिसायचा, रादामेस, आणि त्याचा हात दवाखान्यातल्या प्लास्टरमध्ये होता. चॅपलच्या छपरावर गेलेला चेंडू काढताना तो घसरून पडला होता. अफवा मी उठवली नाही. थोडं तिखटमीठ लावलं असेल. दिवसभर कढईपुढे उभं राहून यानिकेकेच्या पुऱ्या तळणाऱ्या बाईला काहीतरी विरंगुळा लागतो.

मेलिदोचं आडनाव वॉर्नर. तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सत्तावीस वर्षं होता. त्याचे आजोबा कुठल्याशा छोट्या बेटावरून इथे ऊस तोडायला आले, बाप उसाच्या गाडीवर होता, आणि हा काट्यावर चढला म्हणून घरात मेजवानी झाली होती. आता कारखाना अर्धाच चालतो आणि काटा गंजून एका बाजूला कलला आहे. मेलिदो साठीचा आहे, गुडघे धरून चालतो, टोपी फक्त चर्चमध्ये काढतो. स्वतः उजव्या हाताचा आहे. पण नाद डावखुऱ्यांचा.

"उजव्या हाताचे पिचर म्हणजे पाचट," तो म्हणतो. "कुठेही बघ, ढीग. डावखुऱ्याचा चेंडू येतो तो मागच्या दाराने आलेल्या पाहुण्यासारखा. घरधनी पुढच्या दाराकडे बघत बसलेला असतो."

त्याची शोधायची रीतही त्याचीच. मैदानावर तो सगळ्यात शेवटी जायचा. आधी कोणत्याही पोराच्या हातात लिमोनसियोचा घोस द्यायचा आणि बघत बसायचा: साल कोणत्या हाताने सोलतो, बी कोणत्या हाताने कुत्र्याला मारतो. धुण्याच्या जागी जाऊन पिळे घालणाऱ्या पोरांकडे टक लावून उभा राहायचा. बायका विचारायच्या, "काय मेलिदो, आमचे हात बघतोस की आणखी काही?"

"तुझा हात उजवा आहे, बाई. पुढचं बघायचं कारणच नाही."

अशा रीतीने त्याला हाती लागलेला पहिला खरा डावखुरा म्हणजे ओसिरिस. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. निवडीच्या दिवशी ओसिरिसचं कोपर दुखत होतं. पोराने तसं सांगितलंही. मेलिदो म्हणाला, "आजचा दिवस काढ, मग आठवडाभर झोप." पन्नासाव्या की साठाव्या चेंडूला कोपरात आवाज झाला. कुंपणापाशी उभ्या असलेल्यांनाही तो ऐकू गेला. ओसिरिस आता सिमेंटचे ठोकळे पाडतो. हात खांद्याच्या वर जात नाही. दोरीवर कपडे घालायचे असले की बायकोला हाक मारतो. रोज दुपारी तो मेलिदोच्या परसात येऊन डोमिनो खेळतो. त्या दिवसाबद्दल दोघांपैकी कोणी कधी बोललेलं मी तरी ऐकलं नाही, आणि मी भोकाला कान लावून बसते. या गोष्टीवर मी विनोदही करत नाही. मी विनोद करत नाही अशा गोष्टी या गावात फार नाहीत.

रादामेसला मेलिदोने दोनदा पाहिलं होतं आणि दोनदा नाकारलं होतं. "काटकुळा आहे, उजवा आहे, चेंडू पोस्टाने पाठवल्यासारखा पोचतो," असा निकाल. चूक मेलिदोची नव्हती. रादामेसला वाढवलं त्याच्या आजीने, दोन्या लिबोरियाने (दोन्या हा आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला द्यायचा मान), आणि त्या बाईचा पक्का विश्वास, की डावा हात सैतानाचा. पोर दोन वर्षांचं असल्यापासून डाव्या हाताने चमचा उचलला की बोटांवर पळी बसायची. त्यामुळे मोठं माणूस दिसलं की रादामेस आपोआप उजवा व्हायचा. लिमोनसियो उजव्या हाताने, चेंडू उजव्या हाताने, क्रूसाची खूण उजव्या हाताने. गल्लीतल्या यच्चयावत पोरांना ठाऊक होतं, की तो खरा कोणत्या हाताचा आहे. पण पोरांना विचारतो कोण?

मग तो छपरावरून पडला. उजवा हात प्लास्टरमध्ये, वय तेरा, शाळेला सुट्टी. चॅपलच्या मागे पोरं झाडूच्या दांड्याने आणि पाण्याच्या मोठ्या बाटलीच्या झाकणाने खेळत होती. मेलिदो पाठीवर युकाच्या कंदांचं पोतं घेऊन तिथून चालला होता. रादामेसने डाव्या हाताने झाकण फेकलं. ते सरळ आलं, दांडा फिरला, आणि झाकण ऐन वेळी जमिनीत शिरल्यासारखं खाली गेलं. पुढचंही तसंच. त्याच्या पुढचंही.

मेलिदोने पोतं खाली ठेवलं आणि ते तिथेच विसरून सरळ दोन्या लिबोरियाच्या दारात जाऊन उभा राहिला. ते पोतं मी घरी आणलं. परतही केलं, जवळजवळ सगळं.

"दोन्या, तुमचा नातू डावखुरा आहे."

"तुझ्या तोंडात किडे पडोत! माझ्या घरात कोणी डावखुरं नाही."

"मी आत्ता पाहिला."

"प्लास्टर निघू दे, मग बघ. देवाने दुसरा हात दिलाय तो धरायला दिलाय. कोंबडी कापताना कोंबडी धरायला."

"आणि देवाला तो हात नकोच होता, तर त्याने त्यात असा चेंडू कशाला घातला?"

दोन्या लिबोरियाला देवाबद्दलचा प्रश्न अनुत्तरित ठेवणं जमत नाही. ती दोन दिवस विचार करत होती. मग तह झाला. चेंडूपुरता डावा. चमचा, कंगवा, जपमाळ, लोकांशी हात मिळवणं हे सगळं उजव्याने. मेलिदोने तिच्या घरातल्या संताच्या तसबिरीपुढे टोपी काढून शब्द दिला. चर्चबाहेर टोपी काढलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. टक्कल अपेक्षेपेक्षा बरंच पुढे गेलेलं होतं.

पुढची तीन वर्षं माझ्या कुंपणापलीकडे रोज सकाळी थप्प, थप्प चालायचं. वेग मोजायची बंदूक मेलिदोकडे नव्हती. तो पोराकडे पाठ करून उलट्या बादलीवर बसायचा आणि चेंडू झेलणाऱ्या पोराच्या ग्लोव्हमधला आवाज ऐकायचा. काट्यावर असतानाही तो म्हणे गाडीच्या करकरीवरून वजन सांगायचा. खिशात घेवड्याचे तीस दाणे. एक चेंडू झाला की एक घेवडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की बस.

"काका, अजून दहाच."

"घेवडे संपले."

"माझ्या आजीकडे पोतंभर आहेत."

"मग तिला सांग शिजवायला."

पोरगा वाढला, खांदे रुंदावले, झाकणाला यायचा तो वळसा चेंडूलाही आला. मी दारातून ओरडायचे, "मेलिदो, अरे, तोंड फिरवून बघ तरी, तो उजव्या हाताने टाकतोय!" आणि तो दर वेळी वळून बघायचा. दर वेळी.

रादामेस सोळा वर्षांचा झाला तेव्हा राजधानीतून आबेलार्दो आला. उत्तरेकडच्या एका क्लबसाठी इथली पोरं हेरायचं त्याचं काम. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात बंदूक. त्याने वीस चेंडू पाहिले आणि बंदुकीकडे बघायचं सोडून दिलं. "मेलिदो," तो म्हणाला, "फेब्रुवारीतल्या एका शनिवारी साहेबलोक येताहेत. त्या दिवशी याने असंच टाकायला हवं. नंतर पुन्हा येतील असं धरू नका. सोळाचा पोरगा त्यांना हवा असतो, सतराचा झाला की म्हातारा."

सगळ्या गल्लीने तो शनिवार आपापल्या घरी नेला. रादामेसची आई राजधानीत लोकांच्या घरी कामाला होती, तिने रजा मागून ठेवली. फाफाने आपल्या दुकानावर फळा लावला: शनिवारी बंद. मीसुद्धा मैदानावर कढई न्यायचं ठरवलं. उत्तरेकडच्या साहेबांनाही भूक लागते.

त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी दुपारी दोन्या लिबोरिया माझ्याकडे यानिकेके घ्यायला आली. मेलिदो आणि ओसिरिस कुंपणापलीकडे डोमिनो मांडून बसले होते. म्हातारी एवढ्या आनंदात होती, की सुटे परत घ्यायला विसरली.

"अगं, माझे नवस फळाला आले! पोर सुधारलं. आधी माझी पाठ वळली की लगेच डाव्याने खायचं. आता दहा दिवस झाले, मी दाराआडून बघते, एकटा असला तरी चमचा उजवा, कंगवा उजवा. काल तर बादलीसुद्धा उजव्याने उचलली! देव आहे गं."

मी म्हटलं, "देव आहेच, पण तुमचं दार जास्त कामाचं आहे."

पलीकडे डोमिनोचा आवाज थांबला. भोकातून पाहिलं तर मेलिदोचा चेहरा पिठासारखा पांढरा. ओसिरिस त्याच्याकडे बघत होता. मेलिदो सोंगट्या तशाच टाकून उठला.

सैतानाचा हात सुधारला नव्हता. दुखत होता. आणि पोराने ते आजीपासून, मेलिदोपासून, साऱ्या गल्लीपासून लपवलं होतं. मेलिदोने त्याला गाठून कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला, तेव्हा पोर ओरडलं नाही. नुसते डोळे भरले. "शनिवारपर्यंत सांगू नका, काका. तीसच चेंडू. मग हवं तर वर्षभर टाकणार नाही."

मेलिदो म्हणाला, "बघू."

मला वाटलं, हा विरघळला. त्याने सोळा वर्षांच्या पोराला वाक्य पुरं करू दिलं होतं, ही त्याची सवय नव्हे.

शनिवारी मैदानावर जत्रा होती. जाळीमागे साहेबलोक तीन खुर्च्या टाकून बसलेले, प्रत्येकाच्या हातात बंदूक. रादामेसची आई नवी चप्पल घालून आलेली. रादामेस कडेला उभं राहून हात मोकळा करत होता आणि हसायचा प्रयत्न करत होता. आबेलार्दोने खूण केली. तेवढ्यात मेलिदो लंगडत मैदानाच्या मध्यावर गेला, पिचर ज्यावरून चेंडू टाकतो त्या मातीच्या उंचवट्यावर चढला, आणि खाली बसला. मांडी घालून. टोपी नीट केली.

आबेलार्दो धावत आला. "उठा, मेलिदो. साहेब बघताहेत."

"आज तो टाकणार नाही. कोपर सुजलंय."

"थोडंसं सगळ्यांचंच दुखतं! पंधरा चेंडू टाकू द्या. ते पुन्हा येणार नाहीत, सांगितलं होतं ना मी?"

"नका येऊ."

"दुसरा पोरगा घेतील."

"त्याचा हात चांगला असेल तर जरूर घ्यावा."

मग लोक बोलायला लागले. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याने दुसऱ्या क्लबशी आतून संधान बांधलंय. कोणी म्हणालं, त्याला पोराचं भलं बघवत नाही. फाफा म्हणाला, "मी दुकान बंद करून आलोय, मेलिदो! ऊठ!" मीही काहीतरी बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. रादामेस उंचवट्यापाशी येऊन गुडघ्यावर बसला. "काका, उठा ना. माझी आई आलीये."

मेलिदोने मान वर केली नाही. "मला दिसतेय ती."

"माझा हात आहे. तुमचा नाही."

"हो. म्हणून तर."

साहेबांनी बंदुका पिशवीत घातल्या. ओसिरिस एवढा वेळ कुंपणाला टेकून उभा होता. तो आत आला आणि त्याने चांगला हात पुढे करून मेलिदोला उठवलं, कारण ते गुडघे एकट्याने उठणारे नव्हतेच.

शहरातल्या डॉक्टरने पाहून सांगितलं, आतला दोर सुजलाय, तुटलेला नाही, सहा महिने चेंडूला हात लावायचा नाही. मेलिदोने विचारलं, त्या दिवशी टाकलं असतं तर तुटला असता का? डॉक्टर प्रामाणिक होता. म्हणाला, "सांगता येत नाही. कदाचित तुटला असता. कदाचित काहीच झालं नसतं." गल्लीने यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं आणि ते जिकडेतिकडे फिरवलं.

ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस आले. त्या दिवसांत आमच्याकडे घेवड्याची खीर होते, नारळाच्या दुधातली, वर छोटी बिस्किटं, आणि एकाच घरात ती कधी खात नाहीत. वाट्या या दारातून त्या दारात फिरतात. भांडणं असली तरी फिरतात. त्या वर्षी मेलिदोच्या दारात एकही वाटी गेली नाही. दोन्या लिबोरियाची गेली नाही, फाफाची गेली नाही. माझीही गेली नाही, हे मी सांगून टाकते. कोणी भोकातून पाहिलं असेल तर त्याने सांगण्याआधी. मेलिदोने स्वतः खीर केली, करपवली आणि सगळ्यांना पाठवली. दोन वाट्या न उघडता परत आल्या.

रोज सकाळी तो दोन्या लिबोरियाच्या फाटकाशी तांदळाने भरलेली एक बादली ठेवून यायचा. तांदळात हात खुपसून मूठ उघडायची, मिटायची. त्याने दंड न दुखवता ताकद येते. बादली तशीच राहायची. तांदूळ कोंबड्या खायच्या. त्या कोंबड्यांची मनगटं या बेटावर सर्वात मजबूत असतील.

जून संपत आला होता. मी एकदा सवयीने भोकाला डोळा लावला, तर मेलिदो तुरीच्या शेंगा सोलत बसलेला आणि त्याच्यासमोर रादामेस, डावा हात कोपरापर्यंत तांदळाच्या बादलीत. मी चुलीवरची कढई उतरवली आणि वाट बघत राहिले. फार वेळाने पोर म्हणालं, "किती वेळ करायचं?"

"शेंगा संपेपर्यंत."

रादामेसने टोपलीकडे पाहिलं. मग उजव्या हाताने एक शेंग उचलून तोही सोलायला लागला. एका हाताने तुरी सोलणं फार अवघड असतं. मी करून पाहिलं.

पुढल्या फेब्रुवारीत आबेलार्दो एकटाच आला. साहेब नव्हते, खुर्च्या नव्हत्या, फाफाने दुकान बंद केलं नव्हतं. रादामेस सतरा वर्षांचा होता, त्यांच्या हिशेबाने म्हातारा. मेलिदो नेहमीसारखा पाठ करून बादलीवर बसला, एवढंच की या वेळी त्याचे ओठ हलत होते. वीस चेंडूंनंतर आबेलार्दो म्हणाला, "मागच्या वर्षीइतके पैसे मिळणार नाहीत." दोन्या लिबोरिया म्हणाली, "मागच्या वर्षीचं कोणी मागितलंय? कागद आण." सही पोराने उजव्या हाताने केली. तह म्हणजे तह.

दोन वर्षं तो क्लबच्या शाळेत होता, मग उत्तरेत, जिथे एप्रिलमध्येही बर्फ पडतो अशा गावी. दर रविवारी मेलिदोला फोन. या हिवाळ्यात आपल्याच शहरातल्या संघाने त्याला बोलावलं, आणि जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी तो घरच्या मैदानावर पहिल्यांदा व्यावसायिक म्हणून उतरला. तिकिटं मिळाली ती आईला आणि आजीला. बाकी सगळी गल्ली फाफाच्या दुकानात रेडिओभोवती. मेलिदो दाराशी, रेडिओकडे पाठ करून.

निवेदकाने नाव घेतलं. आम्ही ओरडलो. पहिला चेंडू. एक टणत्कार, आणि निवेदक किंचाळत सुटला: चेंडू गेला, गेला, भिंतीच्या पार गेला!

दुकानात सगळ्यांनी माना खाली घातल्या. असली शांतता मला सोसत नाही. मी म्हटलं, "काय रे मेलिदो, यासाठी एक अख्खं वर्ष मातीत घातलंस होय? पहिलाच चेंडू भिंतीपलीकडे!"

तो वळलासुद्धा नाही.

"गेला तर गेला, शेजारीणबाई. दुसरा टाकायला हात आहे ना त्याला. आता गप्प बस, मला ऐकू दे."